वापरकर्त्याची ओळखपडताळणी (वेब सर्व्हर)

वेब सर्व्हरकडे आलेली विनंती कोणाची आहे हे ठरवण्याची आणि ते ठरेपर्यंत माहिती रोखून धरण्याची पद्धत. एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांना) स्वतःची स्मरणशक्ती नसते. एकाच मोबाइलवरून लागोपाठ आलेल्या दोन विनंत्याही सर्व्हरला परक्याच असतात. म्हणून लॉगिनच्या पानावर एकदा तपासून भागत नाही, प्रत्येक विनंती तपासावी लागते. पासवर्ड जुळवण्यात सहसा चूक होत नाही. ती होते त्यानंतरच्या विनंत्यांत.

उदाहरणासाठी सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एक अडत पेढी घेऊ. शेतकऱ्यांना हिशेबपट्टी मोबाइलवर पाहता यावी म्हणून तिने संकेतस्थळ काढले आहे.

सर्वांत साधी पद्धत ‘बेसिक’. ओळख न देता विनंती आली की सर्व्हर ४०१ हा संकेत पाठवतो, ब्राउझर नाव-पासवर्ड विचारतो आणि ते बेस-६४ या अक्षरलेखन पद्धतीत लिहून पुढच्या प्रत्येक विनंतीच्या ‘ऑथरायझेशन’ शीर्षकात (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) घालतो. बेस-६४ हे कुलूप नव्हे. ते कोणालाही उलटवता येते. त्यामुळे एचटीटीपीएसशिवाय (वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक जोडणीशिवाय) ही पद्धत वापरू नये. हिच्यात लॉगआउटचीही नीट सोय नाही. पेढीच्या आतल्या एखाद्या स्क्रिप्टला ती पुरते, शेतकऱ्यांसाठी नाही. अपाची या वेब सर्व्हरवर मॉड-डब्ल्यूएसजीआय या जोडभागाने पायथन भाषेतला प्रोग्राम चालवताना हे शीर्षक मूळ प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. ‘डब्ल्यूएसजीआय-पास-ऑथरायझेशन’ ही सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. ती राहिली, तर पासवर्ड बरोबर असूनही ४०१ येत राहतो.

रोजच्या वापरासाठी सत्र (लॉगिनची सर्व्हरवरची नोंद) आणि कुकी (ब्राउझर जपून ठेवतो आणि प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवतो ती चिठ्ठी) ही जोडी बरी. पासवर्ड जुळला की सर्व्हरने किमान १६ बाइटांचा, अंदाज न करता येणारा यादृच्छिक क्रमांक काढावा, आपल्याकडे खात्याशी जोडून ठेवावा आणि कुकीतून पाठवावा. कुकीला तीन खुणा हव्यात: ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवर जाते), ‘एचटीटीपी-ओन्ली’ (पानावरच्या जावास्क्रिप्टला दिसत नाही) आणि ‘सेमसाइट’ (दुसऱ्या संकेतस्थळाने परस्पर करवलेल्या विनंतीसोबत जाणे रोखते). लॉगिनपूर्वीचा सत्रक्रमांक लॉगिननंतर तसाच ठेवू नये. हल्लेखोराने आधीच ठरवून दिलेला क्रमांक त्यामुळे चालू राहतो. लॉगआउटला सर्व्हरवरची नोंद पुसावी. नुसती कुकी काढली, तर चोरलेली प्रत जिवंतच राहते.

पासवर्ड मूळ रूपात कधीच साठवू नये, उलटवता न येणारा त्याचा ठसा (हॅश) साठवावा. असा ठसा काढणाऱ्या अर्गॉन२-आयडी या पद्धतीसाठी १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा हे किमान प्रमाण मानतात. सौद्याच्या सकाळी ५० जणांनी एकदम लॉगिन केले, तर यालाच ९५० मेबीबाइट लागतात आणि १ जीबीचा स्वस्त सर्व्हर आडवा होतो. एका वेळी किती पडताळण्या चालाव्यात यावर मर्यादा घालावी. बीक्रिप्ट ही ठशाची दुसरी पद्धत पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच पाहते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते, म्हणजे काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजून २४ चिन्हांतच हद्द संपते. काही लायब्ररी पुढचा भाग गुपचूप सोडून देतात.

मराठी पासवर्डात आणखी एक खोच आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव एक कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहितो, दुसरा ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब) जोडून, तिसरा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखी, बाइट वेगळे. साठवताना आणि तपासताना एनएफसी रूपांतर (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याचा युनिकोडचा नियम) केले, तर पहिली दोन एक होतात. तिसरे मात्र वेगळेच राहते. संगणकावर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवर ‘चुकीचा’ ठरतो, तो यामुळेही.

सहीचे टोकन (जेडब्ल्यूटी, आरएफसी ७५१९, २०१५) सर्व्हरला नोंदवही न ठेवता तपासता येते. त्यातला मजकूर सही केलेला असतो, लपवलेला नसतो. बँक खाते क्रमांक त्यात घालू नये. एचएस२५६ या सहीच्या पद्धतीची गुप्त किल्ली किमान ३२ बाइटांची हवी. कोणती सही स्वीकारायची हे सर्व्हरने ठरवावे, टोकनमध्ये लिहिलेल्यावर विसंबू नये. नाहीतर ‘सही नाही’ असे लिहिलेले टोकनही आत शिरते. नोंदवही नसल्याने मुदतीआधी टोकन रद्द करता येत नाही: काम सोडून गेलेल्या दिवाणजीला ते संपेपर्यंत सगळे दिसत राहते. एकच सर्व्हर असलेल्या पेढीने या वाटेला जाऊ नये, सत्रच पुरते.

ओळख पटली तरी अधिकार वेगळा तपासावा लागतो. पत्त्यातील पट्टी क्रमांक ४५१२ चा ४५१३ केला आणि शेजाऱ्याचा हिशेब उघडला, तर लॉगिन कितीही भक्कम असून उपयोग काय? नोंद शोधतानाच पट्टी क्रमांकासोबत सत्रातील खाते क्रमांकाची अट घालावी. ओळख नसेल तर ४०१. ओळख आहे पण अधिकार नाही तर ४०३, किंवा अशी पट्टी आहे हेही कळू द्यायचे नसेल तर ४०४.

चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा केवळ आयपी पत्त्यावर ठेवू नये. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, यार्डातल्या एका वायफायवर अख्खी रांग असते. एकाच्या चुकीने सगळे बाहेर राहतात. खाते आणि पत्ता दोन्ही मोजावेत. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता १० लाखच, म्हणून पाच प्रयत्नांनंतर तो बाद करावा आणि ‘पुन्हा पाठवा’ दाबल्याने हा मोजणीचा आकडा शून्यावर आणू नये. मोबाइल नंबर हीच खात्याची ओळख मानणे तर गावाकडे चालतच नाही: वडील आणि दोन भाऊ, तिघांची खाती एकाच नंबरवर असतात. खाते क्रमांक वेगळा ठेवून ओटीपीनंतर कोणते खाते उघडायचे ते विचारावे.