वाचनालयातले कार्यक्रम आले कुठून?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर हल्ली बरंच काही लिहिलेलं असतं. शनिवारी सकाळी मुलांसाठी गोष्टींचा तास, त्याच संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी व्याख्यान, आणि खाली बारीक अक्षरात अभ्यासिकेच्या फीची सूचना. बऱ्याच जणांचा समज असा की हे सगळं अलीकडचं आहे, मोबाईल आले, वाचक रोडावले, मग वाचनालयांनी लोकं गोळा करायला कार्यक्रम सुरू केले. मला हे पटत नाही. आपल्याकडची वाचनालयं ज्या पद्धतीने उभी राहिली ते बघितलं तर कार्यक्रमांशिवाय ती टिकलीच नसती, आणि ही गोष्ट मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे.

सुरुवात मात्र अगदी वेगळी होती. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं १८३८, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८ आणि कोल्हापूरचं १८५० चं. यातल्या बऱ्याच ठिकाणी नाव असायचं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. इंग्रज अधिकारी आणि गावातले शिकलेले, ऐपतदार लोक मिळून वर्गणी काढायचे, पुस्तकं बरीचशी इंग्रजी, शिवाय वर्तमानपत्रं. पणजीचं ग्रंथालय तर १८३२ चं, ते पोर्तुगीज सरकारनेच काढलेलं. पण या सगळ्या ठिकाणी येणारा माणूस एकाच साच्यातला, म्हणजे पुरुष, साक्षर आणि वर्गणी परवडणारा. बायका नाहीत, मुलं नाहीत, आणि ज्यांना अक्षरओळखच होऊ दिली नव्हती त्यांचा तर प्रश्नच नव्हता. 'सर्वांसाठी' हा शब्द आज आपण सहज लिहितो, पण तो त्या दारातून आत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, हे लक्षात ठेवायला हवं.

कार्यक्रमांचं बीज पडलं ते पुण्यात, १८७५ साली. न्यायमूर्ती रानडे, लोकहितवादी वगैरे मंडळींनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्यात रोज एक वक्ता, एक विषय, पुस्तकातलं ज्ञान बोलून लोकांपुढे ठेवायचं. ती अजून चालू आहे, २१ एप्रिल ते २० मे. ही व्याख्यानमाला काही वाचनालयाची नाही, पण लोकहितवादींचं नाव पुण्याच्या १८४८ च्या लायब्ररीशीही जोडलेलं आहे, म्हणजे ग्रंथालय आणि व्याख्यान या दोन्ही कल्पना एकाच पिढीच्या, काही वेळा तर एकाच माणसाच्या डोक्यातल्या. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी व्याख्यानमाला सुरू केल्या त्यांचा साचा बऱ्याच अंशी हाच.

मग आली मराठीची निकड. ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, फक्त मराठी पुस्तकं जमवायची म्हणून, आणि पाठोपाठ १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. इथे वाचनालयाचा अर्थच बदलला, कारण आता ते साहेबांच्या सोबतीने पेपर वाचायचं ठिकाण उरलं नाही, भाषेचं काम करायचं ठिकाण झालं. मुंबईच्या संस्थेने तर पुढे १९४८ साली मराठी संशोधन मंडळसुद्धा काढलं.

पण मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान बडोद्याचं आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचं पोर. त्यांनी आधी १९०६ साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. अमेरिकेत गेले तेव्हा तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बघितली आणि विचार केला की मुलं शाळेत शिकली पण नंतर वाचायला काहीच मिळालं नाही तर शिकलेलं विसरून जातील. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डन १९१३ पर्यंतच राहिले, पण तेवढ्यात त्यांनी पाया घातला. राजवाड्यातली सुमारे २०,००० पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली गेली, लोकांना ती फुकट वाचायला मिळू लागली, बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय झाली, आणि मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळसुद्धा ठेवले. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

आणि खेड्यांचं काय? तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या, एका गावात वाचून झाल्या की पुढच्या गावाला. गावात वाचनालय काढायचं असेल तर खर्चाचे तीन वाटे, एक गावकऱ्यांचा, एक प्रांत पंचायतीचा, एक सरकारचा. म्हणजे गावाने हात पुढे केला तरच सरकार करणार, पण केला की नक्की करणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना वाचताच येत नाही त्यांचाही विचार होता. ग्रंथालय खात्यातच एक वेगळी शाखा होती, ती गावोगाव जाऊन मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यावर, चित्रं दाखवायची, सिनेमा दाखवायची. आज आपण वाचनालयात प्रोजेक्टर लावून मुलांना माहितीपट दाखवतो तेव्हा काहीजण नाक मुरडतात, हे काय वाचनालयाचं काम आहे का म्हणून. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात असं काही व्हायला वेळ लागला. १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९४० साली ग्रंथालयांची अख्खी उतरंड सुचवली, पण पैशाअभावी काम सुरू व्हायला १९४७ उजाडलं. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला, भारतातला अगदी पहिल्या काळातला.

महाराष्ट्र राज्याचा ग्रंथालय कायदा आला १९६७ साली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात लोकांकडून ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा वेगळा जादा कर, घ्यायचा आणि त्यातून ग्रंथालयं चालवायची असं होतं. आपण उपकर लावला नाही. आपल्याकडे वाचनालय गावातल्या संस्थेचं, कार्यकारी मंडळ सभासदांनी निवडलेलं, आणि सरकार दर्जाप्रमाणे, अ ब क ड असं, अनुदान देतं. आज अशी हजारो वाचनालयं राज्यात आहेत. अनुदान कधीच पुरेसं नसतं, हे कुठल्याही ग्रंथपालाला विचारा, पगार बघितले तरी वाईट वाटतं. पण याची दुसरी बाजू अशी की वाचनालय जगवायचं तर गाव आपल्या बाजूला ठेवावंच लागतं. सभासद वाढले पाहिजेत, देणगीदार मिळाले पाहिजेत, आणि लोक नुसत्या कपाटांसाठी देणगी देत नाहीत. ते व्याख्यान ऐकायला येतात, नातवाच्या वक्तृत्व स्पर्धेला येतात, तिथे कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन बसलेलं असतं. कार्यक्रम हा असा वाचनालयाच्या पोटापाण्याचाच भाग झाला.

प्रत्येक गट वेगळ्या वाटेने आत आला. बायका आल्या त्या कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांमुळे, असं मी आमच्या घरात तरी बघितलंय. 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ चा, तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि वेगळी वर्गणी भरून दोन-तीन महिने अंक आळीपाळीने घरी न्यायची योजना अजून बहुतेक वाचनालयांत असते. माझी आजी चौथी शिकलेली, तिच्या नावावर घरात दुसरं काहीच नव्हतं, पण वाचनालयाचं कार्ड तिच्या नावाचं होतं. दुपारची कामं आटोपली की ती पुस्तक बदलायला जायची, आणि तिथे तिच्यासारख्याच चारपाचजणी भेटायच्या. पुढे त्याचंच वाचक मंडळ झालं, कुणी ठरवून केलं नाही.

मुलं बालविभागामुळे आली, सुट्टीतल्या शिबिरांमुळे आली. तरुण आले अभ्यासिकेमुळे. एमपीएससी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना घरात जागा नसते, शांतता नसते, त्यांना पंखा, दिवा आणि टेबल हवं असतं. काही जुन्या सभासदांची तक्रार असते की ही मुलं वाचनालयातलं एकही पुस्तक घेत नाहीत. नसतील घेत, पण सकाळी सातपासून रात्रीपर्यंत त्या इमारतीत दिवा लागलेला असतो तो त्यांच्यामुळे, आणि ग्रंथालयात सगळ्यात गरजू माणूस आज कोण असेल तर तोच पोरगा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. कलामांचा वाढदिवस, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे सात महिने बंद असलेली ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती नेमकी याच तारखेपासून. आमच्याकडे त्या दिवशी पहिले आले ते कट्ट्यावरचे आजोबा लोक, पुस्तकं परत करायला, मार्चमध्ये नेलेली, कव्हरं घालून जपून ठेवलेली.

आता पैशाचं एक सांगतो, कारण ते बाहेरच्यांना माहीत नसतं. बऱ्याच वाचनालयांत व्याख्यान किंवा स्पर्धा ही कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ असते. घरच्यांनी तीसेक वर्षांपूर्वी दहा-पंधरा हजारांची ठेव ठेवलेली, तिच्या व्याजातून वक्त्याचा प्रवासखर्च, नारळ-शाल आणि चहा निघावा असा हिशेब. तेव्हा बँकेत बारा टक्के मिळायचे. आता त्याच्या निम्मेच काहीतरी मिळतात आणि चहा कितीला झालाय ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्या मंडळाने यंदा अशा तीन ठेवींची मिळून एकच व्याख्यानमाला केली, तिन्ही नावं फळ्यावर लिहिली, आणि तिन्ही घरांतली माणसं पहिल्या रांगेत येऊन बसली.