जिराफ दत्तक योजना

आफ्रिकेतील जिराफांच्या संवर्धनासाठी एखाद्या संस्थेला ठरावीक रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात एका जिराफाचे नावापुरते पालकत्व घ्यायचे, अशी ही देणगीची पद्धत आहे. पालकाला प्रमाणपत्र, जिराफाचे छायाचित्र आणि त्याची थोडीफार माहिती मिळते. काही संस्था वर्षभर अधूनमधून खबरबात कळवतात, तर काही कापडी जिराफ धाडतात. मालकी हक्क अर्थातच मिळत नाही. शिवाय रानातल्या जिराफाला या पैशातून एक पानही खाऊ घातले जात नाही, बाभळीचा पाला तो आपला आपण ओरबाडून खातो. त्यामुळे पैसा नेमका कशावर खर्च होतो, यावरच अशा योजनेची किंमत ठरते.

प्राणिसंग्रहालयातील दत्तक योजना हा या पद्धतीचा जुना आणि सरळ प्रकार. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्पन्न आटल्यावर प्राण्यांच्या खाद्यखर्चासाठी लोकांना हाक दिली होती. भारतात म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाची योजना बरीच परिचित आहे. महाराष्ट्रात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघ, सिंह, बिबटे वर्षभरासाठी दत्तक घेता येतात. अशा ठिकाणी पैसा चारा किंवा मांस, औषधे आणि देखभाल यांवर खर्च होतो, पिंजऱ्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि हिशेब डोळ्यांना दिसतो. मात्र त्याने रानातला एकही जिराफ वाचत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रकार पोरक्या पिल्लांचा. केनियातील शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट प्रामुख्याने हत्तीच्या अनाथ पिल्लांसाठी ओळखली जाते. पण २०१५ मध्ये मेरू भागात सापडलेले किको नावाचे जिराफाचे पिल्लूही तिने नैरोबीच्या आपल्या संगोपनगृहात हत्तींच्या सोबतीने वाढवले. येथे पालकाचा पैसा खरोखर दुधाच्या बाटलीपर्यंत पोहोचतो.

तिसरा प्रकार रानातल्या जिराफांचा. तोच आज महत्त्वाचा आणि तोच सर्वाधिक गैरसमजाचा.

जिराफांना मदतीची गरज आहे, हे जगाच्या उशिरा लक्षात आले. हत्ती आणि गेंडे यांच्या शिकारीवर रकाने भरत असताना जिराफ मात्र भरपूर आहेत असेच सगळे धरून चालले होते; सफारीला गेलेल्या प्रत्येकाला तो दिसत होता ना! आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये आकडे मांडले, तेव्हा १९८५ च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेली संख्या २०१५ पर्यंत ९८ हजारांच्या आसपास आल्याचे दिसले. जिराफाला ‘असुरक्षित’ प्राण्यांच्या यादीत टाकण्यात आले. पुढे पोटजातींची वेगवेगळी तपासणी झाली आणि कोर्डोफान व न्युबियन जिराफ ‘अतिसंकटग्रस्त’, तर जाळीदार नक्षीचा आणि मसाई जिराफ ‘संकटग्रस्त’ ठरले. २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जिराफाचा समावेश होऊन त्याच्या कातडी-हाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.

जिराफ ही एकच जाती नसून उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी अशा चार जाती आहेत, हे मत जनुकीय अभ्यासांतून पुढे आले आणि २०२५ मध्ये निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटानेही ते स्वीकारले. त्यामुळे चित्र बदलले. २०२५ च्या अधिक नेमक्या अंदाजानुसार दक्षिणी जिराफ सुमारे ६९ हजार, मसाई ४४ हजार, जाळीदार २१ हजार आणि उत्तरी फक्त ७ हजार! एकूण आकडा पाहून निर्धास्त राहण्याची सोय यामुळे उरली नाही. दत्तक घेण्यासाठी कोणत्या जातीचा जिराफ निवडला, याला त्यामुळे अर्थ आला.

घटीची कारणे ठाऊक असलेलीच आहेत : शेती आणि वस्तीसाठी तुटणारे झुडपी रान, यादवी युद्धे, मांसासाठी शिकार आणि तारेचे फास. हरणांसाठी लावलेल्या फासात जिराफाचा पाय अडकतो, तार मांसात रुतत जाते. मादी सुमारे १५ महिन्यांच्या गर्भारपणानंतर एका पिल्लाला जन्म देते आणि निम्म्याहून अधिक पिल्ले पहिले वर्षही पुरे करत नाहीत. एकदा घसरलेली संख्या सावरायला म्हणूनच वेळ लागतो.

एका जिराफाच्या नावावर निधी उभा राहू शकतो, हे ठळकपणे दिसले ते केनियात. पश्चिम केनियातील सोय येथे एका मोठ्या खाजगी कुरणावर रॉथशील्ड जिराफांचा कळप होता आणि ती जमीन भूमिहीन कुटुंबांना वाटण्याचे सरकारने ठरवले होते. देशात या प्रकारचे जेमतेम १३० जिराफ उरले होते. १९७४ मध्ये जॉक आणि बेटी लेस्ली-मेलव्हिल या दांपत्याने त्यांपैकी डेझी हे मादी पिल्लू नैरोबीजवळच्या आपल्या बंगल्यावर आणून वाढवले. मागून मार्लन हे दुसरे पिल्लू आले. डेझीची कीर्ती अमेरिकेपर्यंत गेली आणि देणग्या येऊ लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्याने संकटग्रस्त वन्यजीवांसाठी निधी-संस्था स्थापन केली. सोयचे जिराफ लेक नाकुरूसारख्या सुरक्षित उद्यानांत हलवण्यात आले. १९८३ मध्ये या संस्थेचे जिराफ सेंटर लोकांसाठी उघडले. तेथे उंच माचीवरून पर्यटक जिराफाला हाताने खाद्य भरवतात आणि तिकिटांच्या पैशातून केनियातील शाळकरी मुलांना निसर्गशिक्षण मिळते. डेझीला मिळालेला पैसा एकट्या डेझीवर खर्च झाला असता, तर आज तिची आठवणही कोणी काढली नसती. (रॉथशील्ड जिराफ आता न्युबियन पोटजातीतच धरला जातो.)

रानातल्या जिराफाच्या नावाने आलेला पैसा साधारणपणे तीन कामांना लागतो. पहिले काम ओळख आणि मोजदादीचे. कोणत्याही दोन जिराफांच्या अंगावरची नक्षी सारखी नसते आणि ती जन्मभर बदलत नाही. छायाचित्रांवरून प्रत्येकाची नोंद ठेवता येते, म्हणूनच ‘तुमचा’ जिराफ नेमका कोणता हे सांगणे शक्य होते. काहींना सौरऊर्जेवर चालणारे जीपीएस यंत्रही बसवले जाते. दुसरे काम फास काढण्याचे, म्हणजे गस्त, वाहने, पशुवैद्य आणि वनरक्षकांचे पगार.

तिसरे काम जिराफ हलवण्याचे, आणि हे सर्वांत खर्चिक. जिराफाला फार वेळ बेशुद्ध ठेवता येत नाही. डोके आणि हृदय यांतील अंतरामुळे रक्तदाबाचा खेळ बिघडतो, शिवाय पोटातले अन्न घशाशी येऊन श्वास कोंडण्याची भीती असते. म्हणून बेशुद्धीची सुई लागून तो कोसळला की लगेच उतारा देऊन त्याला शुद्धीवर आणतात, डोळे झाकतात, कानांत बोळे घालतात आणि भानावर असलेल्या या अजस्र प्राण्याला माणसे दोरांनी आवरत गाडीत चढवतात. युगांडातील मर्चिसन फॉल्स उद्यानात नाईल नदीच्या उत्तरेस जिराफ होते, दक्षिणेस नव्हते, आणि उत्तरेकडच्या जमिनीखाली खनिज तेल सापडले होते. २०१६ मध्ये युगांडाच्या वन्यजीव प्राधिकरणाने जिराफ कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या मदतीने १८ जिराफ गाडीत घालून तराफ्यावरून नाईलपार नेले. पुढल्या वर्षी आणखी काही नेले. दक्षिण तीरावर आता त्यांची वीण वाढते आहे.

नायजरचे उदाहरण याहून बोलके आहे. पश्चिम आफ्रिकी जिराफ १९९० च्या दशकाच्या मध्यास जगात केवळ ४९ उरले होते आणि सगळेच्या सगळे राजधानी नियामेपासून सुमारे ६० किलोमीटरवरील कुरे परिसरात. तिथे ना अभयारण्य, ना कुंपण. ज्वारी-बाजरीची शेते, गुरे आणि गावे यांच्यामध्येच हे जिराफ वावरतात. तिथले सिंह केव्हाच संपले होते, त्यामुळे जिराफाला धोका माणसाचाच. संरक्षणाची गाडी तिथे माणसापासूनच सुरू करावी लागली. सरकारने शिकारीला कडक बंदी घातली. स्थानिक संस्थेने गावकऱ्यांना छोटी कर्जे दिली, पर्यटकांना जिराफ दाखवणारे वाटाडे गावातलेच घेतले. चवळी खाल्ली, आंब्याची झाडे झोडपली तरी जिराफ सहन करायचा, तर त्याचे काही मोल शेतकऱ्याच्या पदरात पडायला हवे ना! आज संख्या ६०० च्या पुढे गेली आहे आणि २०१८ मध्ये या पोटजातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आला. त्याच वर्षी आठ जिराफ शेकडो किलोमीटरवरच्या गदाबेजी राखीव क्षेत्रात नेण्यात आले. तिथून जिराफ नाहीसे होऊन पन्नासेक वर्षे झाली होती. जिराफासाठी दिलेला पैसा शेतकऱ्याच्या शेळीवर खर्च झाला, तर त्यात फसवणूक नाही. उलट हाच त्याचा उत्तम उपयोग म्हणावा लागेल.

या योजनांवर टीका होते ती बहुतेक नामकरणावरून. एकाच जिराफाचे अनेक पालक असतात आणि पैसा एकत्रित निधीत जातो. डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या मोठ्या संस्था आपली योजना प्रतीकात्मक असल्याचे उघड सांगतात, ते योग्यच. खटकते ते, हे न सांगता ‘तुमच्यामुळे हा जिराफ जगतो’ असा भास निर्माण करणे. दुसरा आक्षेप असा, की डोळ्यांत भरणाऱ्या प्राण्याला पैसा मिळतो आणि गिधाडे, खवले मांजर बाजूला पडतात. हा आक्षेप रास्त आहे. मात्र जिराफाचे झुडपी रान राखले तर त्या रानातील इतरांचेही रक्षण होते, एवढे उत्तर त्याला देता येते.

निवड करताना संस्थेचा वार्षिक हिशेब, ती कोणत्या जातीवर व कोणत्या देशात काम करते, तेथील सरकारी खाते सोबत आहे का आणि दत्तक जिराफ मेला तर ती ते कळवते का, हे पाहावे. भारतातून परदेशी संस्थेला देणगी पाठवता येते, पण देणगीवरची आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) भारतात नोंदलेल्या आणि त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थांनाच लागू असल्याने अशा देणगीवर ती मिळत नाही.