सोलापुरातला उपवासकाळ: आत्मत्यागाची पार्श्वभूमी

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटमध्ये, सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबलमधले एक वचन हमखास वाचले जाते: लूक ९:२३. ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारावे आणि दररोज आपला वधस्तंभ उचलावा, असे येशू तिथे सांगतो. ऐकणाऱ्यांच्या अंगावर तेव्हा काटाच आला असणार. रोमी राजवटीत शिक्षा झालेल्याला आडवे लाकूड खांद्यावर घेऊन वधाच्या जागेपर्यंत चालावे लागे.

पहिल्या तीन शतकांत कितीतरी शिष्यांनी खरोखरच प्राण दिले. ३१३ साली रोमी साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. मग त्यागाची ओढ असलेले लोक इजिप्तच्या वाळवंटात आणि पुढे मठांत जाऊ लागले. आत्मत्याग हा प्रपंच सोडलेल्यांचाच मार्ग ठरत गेला. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी तो पुन्हा संसारात आणला. आपण आपले नाही, देवाचे आहोत. तेव्हा आपल्याजवळ जे आहे ते शेजाऱ्याच्या भल्यासाठी आहे, ही कॅल्व्हिनची शिकवण. १८१३ साली मुंबईत आलेले आणि पुढे नगर, सोलापूरपर्यंत पोचलेले अमेरिकन मराठी मिशन याच परंपरेतले.

जेवणाच्या ताटापर्यंत हा विचार नेला तो मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने). १८८६ साली इंग्लंडमध्ये एका अधिकाऱ्याने वर्षभर जेवणानंतरचे गोड सोडून वाचलेले पैसे देऊ केले आणि त्यातून स्वार्थत्याग सप्ताह सुरू झाला. त्याआधीच, १८८२ साली, याच फौजेचे फ्रेडरिक टकर सरकारी नोकरी सोडून मुंबईत आले होते आणि भगव्या वस्त्रांत अनवाणी हिंडत होते.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटतात मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला; त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आज कुणी चहा सोडते, कुणी मटण, कुणी मोबाइल. घरोघरच्या प्रार्थनासभांत टिळकांची पदे गायली जातात. पण काय सोडले याचीच चर्चा जास्त होते. वाचलेले पैसे कुणाच्या औषधाला, कुणाच्या पोराच्या फीला गेले, हेही त्याच सभांत विचारले जावे, असे मला कळकळीने वाटते.