रंगवलेले काटे: ट्रेब्लिंकाचा कमांडंट फ्रान्झ स्टँगल

आपल्याकडे नाझींच्या सगळ्याच कॅम्पांना सरसकट छळछावणी म्हणायची सवय आहे, शाळेच्या पुस्तकापासून पेपरापर्यंत तोच शब्द. डाखाऊ, बुखेनवाल्ड वगैरेंना तो बरोबर बसतो, कारण तिथे माणसं कोंडून ठेवायचे, राबवायचे, उपाशी मारायचे. पण पोलंडमधल्या बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या तीन ठिकाणांना तो शब्द पुरत नाही. कामाला ठेवलेले थोडे सोडले तर तिथे कैद्यांना ठेवायला जागाच नव्हती कारण कोणाला ठेवायचंच नव्हतं, गाडी आली की दीड-दोन तासांत डब्यांतली जवळजवळ सगळी माणसं मेलेली असायची. ट्रेब्लिंकाची जागा जेमतेम ४०० बाय ६०० मीटर, त्यात २५-३० जर्मन आणि शंभरेक युक्रेनियन वगैरे पहारेकरी, आणि तेवढ्या जागेत साधारण एका वर्षात ७ ते ९ लाख माणसं मारली गेली. हे जिथे झालं तिथला वर्षभराचा साहेब म्हणजे फ्रान्झ स्टँगल, आणि हा माणूस शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी स्वतः कोणाला इजा केलेली नाही. त्याचं हे वाक्य डोक्यात ठेवूनच त्याची सगळी कारकीर्द बघायला हवी असं मला वाटतं.

जन्म १९०८ चा, ऑस्ट्रियातल्या आल्टमुन्स्टर गावचा. बाप रात्रपाळीचा पहारेकरी, आधी सैन्यात होता, घरात अतिशय कडक, पोरगा आठ वर्षांचा असताना वारला. मुलगा विणकाम शिकला आणि चांगलं शिकला, अगदी कमी वयात कसबी विणकर म्हणून परवाना मिळाला, झिदर नावाचं तंतुवाद्य वाजवायचा आणि इतरांना शिकवायचा सुद्धा. पण गिरणीत पस्तिशीतच खंगलेली माणसं आजूबाजूला दिसायची, पुढे शिकल्याशिवाय बढती नाही हेही कळलेलं, त्यामुळे १९३१ मध्ये त्याने माग सोडला आणि पोलिसात भरती झाला. पोलिसांचा गणवेश आवडायचा असं त्यानेच पुढे तुरुंगात पत्रकार गिटा सेरेनीला सांगितलंय.

१९३८ ला हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा स्टँगलची तंतरली, कारण पूर्वी नाझींचा चोरटा शस्त्रसाठा पकडल्याबद्दल त्याला सरकारी पदक मिळालेलं. मग म्हणे ओळखीच्या माणसाकडून आपण आधीपासूनच पक्षाचे सभासद आहोत असं जुन्या तारखेने दाखवून घेतलं. पुढे वरून कागद आला, चर्चशी संबंध सोडला असं लिहून द्या, त्याने सही केली. कट्टर कॅथलिक बायको होती घरात, तरी केली. ही त्याची पहिली पायरी म्हणायची, नोकरी टिकवण्यासाठी एक सही.

दुसरी पायरी १९४० ची आणि ती फार महत्त्वाची आहे कारण पुढचं सगळं तिथून निघतं. ऑस्ट्रियात लिंट्झजवळ हार्टहाइम नावाचा जुना वाडा आहे, तिथे नाझींनी मतिमंद, मनोरुग्ण, अपंग लोकांना गॅसने मारायचं केंद्र काढलं. या मोहिमेला टी-४ म्हणतात, बर्लिनमधल्या ऑफिसच्या पत्त्यावरून पडलेलं नाव, आणि १९४१ च्या ऑगस्टपर्यंत अशा सहा केंद्रांत मिळून ७० हजारांहून जास्त रुग्ण मारले गेले, त्यातले सुमारे १८ हजार एकट्या हार्टहाइमला. स्टँगलचं काम होतं कागदपत्रांचं. मेलेल्याचे दाखले नीट भरलेत ना, खोटं कारण पटण्यासारखं आहे ना, नातेवाइकांकडे राखेचा कलश आणि पत्र गेलं ना. गॅसची तोटी त्याने उघडली नाही. पण मृत्यूच्या दाखल्यावरचा खोटेपणा त्याच्या टेबलावरून जायचा, आणि ते काम त्याने नेटकेपणाने केलं म्हणूनच तो वरच्यांच्या डोळ्यांत भरला. तिथला त्याचा वरिष्ठ क्रिस्टियान विर्ट, तोंडाने अत्यंत घाण आणि क्रूर माणूस, त्याच्याशी पुढे पोलंडमध्ये परत गाठ पडणार होती.

१९४१ च्या उन्हाळ्यात बिशप फॉन गालेन वगैरेंनी या हत्यांविरुद्ध उघड भाषणं केली, लोकांत कुजबुज वाढली आणि हिटलरने टी-४ वरवर थांबवलं. आता ही गॅस वापरायला शिकलेली, तोंड बंद ठेवणारी माणसं रिकामी झाली, आणि त्यांतली शंभरेक पोलंडमध्ये लुब्लिनला, तिथला नाझी पोलीसप्रमुख ओडिलो ग्लोबोच्निकच्या हाताखाली पाठवली गेली. तीन मृत्युछावण्या चालवल्या त्या याच लोकांनी. म्हणजे ज्यूंची कत्तल अचानक कुठून उगवली नाही, आधी स्वतःच्याच देशातल्या दुबळ्या रुग्णांवर हात साफ करून घेतला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

स्टँगल लुब्लिनला पोचला १९४२ च्या वसंतात. ग्लोबोच्निकने सांगितलं सैन्यासाठी सामानाचा डेपो बांधायचाय सोबिबोरला, असं स्टँगलचं म्हणणं. काही असो, विर्टने बेल्झेकचे खड्डे दाखवल्यावर तरी शंका उरायचं कारण नव्हतं. तो मे ते ऑगस्ट सोबिबोरचा कमांडंट होता आणि तेवढ्या काळात तिथे सुमारे एक लाख ज्यू मारले गेले. याच काळात त्याला कुठेतरी चांगलं लिनन मिळालं, विणकर माणूस, कापडाची पारख होतीच, तर त्याने त्याचा पांढरा सूट शिवून घेतला. पुढे ट्रेब्लिंकातून वाचलेल्यांनी त्याचं वर्णन केलंय ते याच कपड्यात, पांढरं जॅकेट, बूट, हातात छडी. नागवी माणसं चाबकाखाली पळत चाललीत आणि बांधावर हा पांढऱ्या कपड्यात उभा. नंतर त्याला कपड्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, उकडायचं हो फार.

ट्रेब्लिंका सुरू झालं २३ जुलै १९४२ ला, वॉर्सातली ज्यूंची कोंडलेली वस्ती (घेट्टो) रिकामी करायला सुरुवात झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिला कमांडंट इर्मफ्रीड एबर्ल, हा चक्क डॉक्टर, टी-४ मधलाच. त्याने झेपतील त्यापेक्षा जास्त गाड्या मागवल्या, पाच-सहा आठवड्यांत जवळपास तीन लाख माणसं आली, गॅस चेंबरची इंजिनं बंद पडायची, मुडदे पुरायला जागा नाही, रुळांच्या कडेला प्रेतांचे ढीग, आणि वास कित्येक किलोमीटरवर. मेलेल्यांचा पैसा अडका सगळीकडे विखुरलेला, तोही बर्लिनला पोचत नव्हता. एबर्लला हाकललं आणि घडी बसवायला स्टँगलला आणलं. त्याने गाडीतून उतरल्यावर काय पाहिलं ते स्वतः सांगितलंय, गुडघाभर नोटा आणि दागिन्यांतून चालावं लागलं, आणि पलीकडे काळीनिळी पडलेली प्रेतं खड्ड्यांत. विर्ट शेजारी उभा राहून विचारत होता या घाणीचं करायचं काय. त्या दिवसापासून ही माणसं मला माल वाटायला लागली, असं स्टँगल म्हणतो.

आणि मग त्याने घडी बसवली. काही दिवस गाड्या थांबवून साफसफाई, मग शरद ऋतूत नवी मोठी पक्की इमारत, दहा चेंबरची. गाडी ५०-६० डब्यांची असायची पण कॅम्पातल्या फलाटाला एका वेळी वीसच लागायचे, म्हणून बाकीचे डबे चार किलोमीटरवरच्या गावच्या स्टेशनात उभे, आत माणसं पाण्यासाठी ओरडतायत. त्या स्टेशनात फ्रान्चिशेक झोंबेत्स्की नावाचा पोलिश रेल्वे कर्मचारी होता, तो भूमिगत सेनेचा माणूस. डब्यांवर खडूने माणसांचा आकडा लिहिलेला असायचा, तो हा बघून नोंद ठेवायचा, वर्षभर, रोज. पुढे जर्मन पळायला लागले तेव्हा त्याने स्टेशनातले रेल्वेचे कागदही उचलून लपवले. स्टँगलवर खटला चालला तेव्हा हाच माणूस साक्षीला उभा होता.

नाताळच्या सुमारास स्टँगलने फलाटावर खोटं स्टेशन उभारायला लावलं. तिकीट खिडक्या, वेळापत्रक, बियालिस्टोककडे जाणाऱ्या गाड्यांसाठी बाण, आणि भिंतीवर एक लाकडी घड्याळ. त्याचे काटे रंगवलेले होते, कायम सहा वाजलेले. फुलझाडांचे ताटवे लावले, छोटं प्राणिसंग्रहालय केलं, मोर आणि कोल्हे आणले, आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी रेडक्रॉसचा झेंडा लावलेला दवाखाना होता ज्याच्या मागे खड्डा होता आणि खड्ड्याच्या काठावर गोळी. हे सगळं कशासाठी तर परदेशातून, लांबून आलेले लोक शेवटच्या क्षणापर्यंत शांत राहावेत, गोंधळ होऊ नये, पुढचे वीस डबे वेळेवर घेता यावेत. मी कोणाला हात लावला नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातचं काम म्हणजे हे घड्याळ, असं मी मानतो.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो स्टँगलने आपल्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून सांगितला होता. कॅम्पात कामाला ठेवलेल्या कैद्यांत ब्लाउ म्हणून एक ऑस्ट्रियन ज्यू होता, त्याच्याशी स्टँगल बरा बोलायचा. एक दिवस ब्लाउ आला, म्हणाला आजच्या गाडीतून माझे वडील आलेत, काही करता येईल का. स्टँगल म्हणाला, अरे ऐंशी वर्षांचा माणूस, तूच समजून घे. ब्लाउ म्हणाला हो, समजतं, फक्त एवढी परवानगी द्या की वडिलांना गॅसमध्ये न नेता त्या दवाखान्याकडे नेतो, आणि त्याआधी स्वयंपाकघरात नेऊन दोन घास खायला घालतो. स्टँगल म्हणाला तुला बरं वाटेल ते कर, अधिकृतपणे मला काही माहीत नाही. दुपारी ब्लाउ डोळ्यांत पाणी घेऊन आला आणि आभार मानून गेला, वडील जेवले, मग दवाखान्यात नेलं, संपलं सगळं. हे ऐकणारी पत्रकार गिटा सेरेनी त्यानंतर खोलीतून उठून बाहेर निघून गेली. स्टँगलला मात्र त्या आभारात काही वावगं दिसलं नव्हतं.

१९४३ च्या सुरुवातीपासून पुरलेली प्रेतं उकरून रुळांच्या जाळ्यांवर जाळायला लागले, पुरावा नको म्हणून. कैद्यांना कळत होतं की हे काम संपलं की आपणही संपलो, आणि २ ऑगस्ट १९४३ ला त्यांनी उठाव केला. शस्त्रागाराची बनावट किल्ली केलेली, जंतुनाशकाच्या पंपात पेट्रोल भरून लाकडी बराकींवर फवारलं आणि पेटवलं. शेकडो जण कुंपणाकडे धावले, बहुतेक गोळ्यांनी पडले, काही नंतर जंगलात पकडले गेले, युद्ध संपेपर्यंत जगले ते ७० च्या आसपास. पण ट्रेब्लिंकाबद्दल जगाला जे आतून कळलं ते याच माणसांमुळे. त्यांतला रिचर्ड ग्लाझार पुढे कोर्टात साक्षीला आला. कॅम्प थोड्याच महिन्यांत मोडला, जमीन नांगरून ल्युपिन नावाचं पीक पेरलं आणि एका पहारेकऱ्याच्या कुटुंबाला शेतकरी म्हणून तिथे बसवलं.

स्टँगलला बाकीच्यांबरोबर इटलीत त्रिएस्तेला पाठवलं. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याला पकडलं होतं पण ट्रेब्लिंकाचं कोणी विचारलंच नाही, ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला तो हार्टहाइमच्या प्रकरणात, आणि १९४८ च्या मे महिन्यात लिंट्झच्या तुरुंगातून निघून गेला. रोमला बिशप अलोइस हुडालने पैसे आणि रेडक्रॉसचा पासपोर्ट मिळवून दिला, तिथून दमास्कस, तिथे गिरणीत परत विणकाम, मग बायको आणि तीन मुली आल्या, १९५१ मध्ये सगळे ब्राझीलला. आणि नाव बदललं नाही! साओ पावलोच्या ऑस्ट्रियन वकिलातीत खऱ्या नावाने नोंदणी, १९५९ पासून फोक्सवॅगनच्या कारखान्यात खऱ्या नावाने नोकरी. ऑस्ट्रियाने त्याच्यावर वॉरंट काढलं ते १९६१ मध्ये. लपलेला माणूस सापडत नव्हता असं नाही, शोधणारेच फार थोडे होते, त्यातले एक सायमन विझेन्थाल, त्यांच्या पाठपुराव्याने २८ फेब्रुवारी १९६७ ला अटक झाली आणि जूनमध्ये पश्चिम जर्मनीच्या ताब्यात दिलं.

ड्युसेलडोर्फला खटला मे ते डिसेंबर १९७० चालला. माझा विवेक साफ आहे, मी कर्तव्य केलं, हाच बचाव. २२ डिसेंबरला जन्मठेप झाली. १९७१ च्या एप्रिलमध्ये आणि परत जूनमध्ये सेरेनी तुरुंगात जाऊन त्याच्याशी बोलली, एकूण सुमारे ७० तास. तिने त्याच्या बायकोलाही विचारलं, तुम्ही एक तर मी नाहीतर ट्रेब्लिंका असं ठणकावलं असतं तर? बराच वेळ रडून ती म्हणाली, मला निवडलं असतं त्याने. आणि मग दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पाठवून ते मागे घेतलं.

शेवटची भेट रविवारी, २७ जूनला. तोवर तो तेच म्हणत होता, मी स्वतः कोणाला मुद्दाम दुखावलं नाही. ती काहीच बोलली नाही, गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाला की पण मी तिथे होतो, म्हणून खरं तर दोष माझ्याकडेही येतो, आणि मी मरायला हवं होतं तेव्हा, तोच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हृदय बंद पडून तुरुंगातच मेला.