सुरक्षित शहर: अंश दिसतो, छेद दिसत नाही

जगातल्या सर्वांत सुरक्षित शहरांची एखादी यादी दरवर्षी बातम्यांत झळकते. आपलं शहर वर असलं की लोक छाती फुगवतात, खाली असलं की प्रशासनाला धारेवर धरतात. अशा बऱ्याच याद्या 'नंबियो' या संकेतस्थळाच्या निर्देशांकावर बेतलेल्या असतात आणि तो निर्देशांक पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला नसतो. संकेतस्थळावर येणारे लोक प्रश्नावली भरतात: रात्री एकटं चालताना सुरक्षित वाटतं का, घरफोडीची काळजी वाटते का. या उत्तरांवरून शहरांचा क्रम लागतो. म्हणजे मोजलेली असते लोकांची भावना आणि मथळ्यात छापली जाते गुन्हेगारी. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांची सरमिसळ खपवून घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

त्या किती वेगळ्या असू शकतात याचं ठळक उदाहरण अमेरिकेत मिळतं. तिथे १९९३ ते २०२२ या काळात हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. त्याच सुमारास गॅलप ही संस्था लोकांना विचारत होती की गेल्या वर्षीपेक्षा देशात गुन्हे वाढलेत का. अशा २७ पाहण्यांपैकी २३ मध्ये किमान ६० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. गंमत म्हणजे, स्वतःच्या परिसराबद्दल विचारलं की 'वाढलेत' म्हणणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली येतं. जो भाग माणूस रोज डोळ्यांनी पाहतो त्याबद्दल तो शांत असतो, आणि जो फक्त बातम्यांतून कळतो त्याबद्दल धास्तावलेला.

इथवर आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'लोक भावनेच्या आहारी जातात, आकडे बघा.' मला हे वाक्यही अर्धवटच वाटतं. त्यासाठी शाळेतल्या अपूर्णांकाकडे जावं लागेल. वर अंश, खाली छेद. धोका हा नेहमी अपूर्णांक असतो: किती वेळा वाईट घडलं, भागिले किती वेळा घडू शकलं असतं.

आपल्या आठवणीत फक्त अंश साठतो. मंगळसूत्र हिसकावल्याची बातमी होते. त्याच संध्याकाळी त्याच रस्त्यावरून हजारो जणी सुखरूप घरी पोहोचल्या, याची होत नाही. सारा लिख्टेनस्टाइन, पॉल स्लोविच या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत लोकांना मृत्यूची कारणं देऊन कशाने जास्त माणसं मरतात असं विचारलं. लोकांच्या अंदाजात खून आत्महत्यांपेक्षा जास्त निघाले. प्रत्यक्षात आत्महत्या जास्त होत्या. जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं, असा हिशेब मेंदू करतो.

पौर्णिमेला गुन्हे वाढतात हा समजही याच हिशेबातून आला. आकाशात पूर्ण चंद्र असताना काही घडलं तर तो लक्षात राहतो, अष्टमीच्या चंद्राकडे कोण बघतं? रॉटन आणि केली या संशोधकांनी १९८५ साली असे ३७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चंद्राच्या कला आणि माणसांचं विचित्र वागणं यांचा दखल घेण्याजोगा संबंध सापडला नाही. पौर्णिमा-अमावस्या पाहून घराबाहेर पडायचं की नाही हे ठरवणं सोडून द्यायला हरकत नाही.

पण पोलिसांच्या आकड्यांचा छेद तरी बरोबर असतो का? बहुतेक वेळा तिथे शहराची लोकसंख्या असते, 'दर लाख लोकांमागे'. रस्त्यावर लुटलं जाण्याचा धोका मात्र रस्त्यावर असणाऱ्यालाच असतो. दारं लावून घरात बसलेला माणूसही या छेदात मोजला जातो.

दोन गल्ल्या कल्पून पाहू. पहिलीत रात्री नऊनंतरही दुकानं उघडी, चांगला उजेड, महिन्याला ३०,००० वेळा कुणी ना कुणी तिथून जातं. दुसरीत शटर खाली, एकच दिवा आणि तोही फडफडणारा, मागून पावलं वाजली तर वळून बघायचं धाडस होऊ नये अशी अवस्था. तिथून महिन्याला जेमतेम ६०० वेळा कुणी जातं. वर्षभरात पहिल्या गल्लीत ३६ जणांना लुटलं, दुसरीत ४ जणांना. पोलिसांच्या नकाशावर पहिली गल्ली नऊपट वाईट. आता छेद बदला. पहिलीत ३,६०,००० फेऱ्यांमागे ३६, म्हणजे १०,००० फेऱ्यांत एकदा. दुसरीत ७,२०० फेऱ्यांमागे ४, म्हणजे १,८०० फेऱ्यांत एकदा. दर फेरीमागचा धोका दुसरीत साडेपाचपट आहे, आणि तिथून जाताना ज्याच्या पोटात गोळा येतो त्याचा अंदाज नकाशापेक्षा बरोबर आहे.

आता पुढची पायरी. दुसऱ्या गल्लीचं नाव खराब होतं, लोक वळसा घालून जाऊ लागतात, महिन्याच्या ६०० फेऱ्यांच्या १५० होतात. दर फेरीमागचा धोका तसाच राहिला तर वर्षाकाठी गुन्हा एकच होईल. नोंदीत गुन्हे ७५ टक्क्यांनी घटले, आणि गल्ली होती तेवढीच धोक्याची आहे. भीतीमुळे लोकांनी जाणं बंद केलं, त्यामुळे आकडा उतरला, आणि तोच उतरलेला आकडा दाखवून त्यांना सांगायचं की तुमची भीती निराधार होती. हे चक्र मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याला दुसरी बाजूही आहे. जो कधी जातच नाही त्याला गल्ली खरोखर सुधारली तरी कळत नाही. टाळलेल्या धोक्याचा अनुभव येत नाही, म्हणून भीतीची दुरुस्तीही होत नाही.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०२० साली टाळेबंदी आणि साथीमुळे रस्ते ओस पडले. मॅक्सिम मॅसेन्कॉफ आणि एरन चॅल्फिन या संशोधकांनी न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो या शहरांतले रस्त्यावरचे गुन्हे घेतले आणि छेदात लोकसंख्येऐवजी लोकांनी घराबाहेर घालवलेला वेळ ठेवला. नोंदलेले गुन्हे घटलेले दिसत असताना बाहेर पडणाऱ्याचा धोका सुरुवातीला ४० टक्क्यांहून अधिक वाढला होता. त्या दिवसांत 'रस्ता भयाण वाटतो' म्हणणारे लोक चुकत नव्हते.

स्त्रिया आणि वृद्ध यांच्याबद्दलचं जुनं कोडंही इथेच थोडं उलगडतं. अनेक पाहण्यांत दिसतं की सर्वाधिक भीती त्यांना वाटते, पण रस्त्यावरच्या हिंसेला सर्वाधिक बळी पडतात तरुण पुरुष. जी बाई अंधार पडायच्या आत घर गाठते, तिच्या वाट्याचा आकडा लहान असणारच. त्यात शिवाय नोंदच न झालेले गुन्हे येतात. अमेरिकेतल्या घरोघरी केलेल्या पाहणीनुसार निम्म्याहून कमी हिंसक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतात. मात्र एका बाबतीत भीतीची दिशा खरंच चुकते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे ८९,००० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले आणि त्यांतले सुमारे ५५ टक्के जोडीदाराने किंवा घरच्याच कुणी केले. मुलीला 'सातच्या आत घरात' म्हणणारं कुटुंब हा आकडा सहसा विचारात घेत नाही.

भावना आणि गुन्हे वेगवेगळ्या दोरींनी हलतात हे अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगात दिसलं. काही भागांत पोलिसांची पायी गस्त सुरू केली. गुन्हे फारसे घटले नाहीत, पण रहिवाशांना जास्त सुरक्षित वाटू लागलं. ओळखीचा पोलीस कोपऱ्यावर दिसणं हा दिलासा खराच असतो, फक्त तो गुन्हे कमी झाल्याचा पुरावा नव्हे.

राहता राहिला शहराचा एकच आकडा. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातले पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार मांडले. निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांसाठी होते. एकाच शहरात दोन-तीन चौकांचं अंतर म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि सरासरीत तो बुडून जातो.

म्हणून प्रश्न कसा विचारला जातो याकडे माझं जास्त लक्ष असतं. 'अंधार पडल्यावर या भागात एकटं चालताना किती सुरक्षित वाटतं?' हा पाहण्यांतला ठरलेला प्रश्न. त्यात गुन्ह्याचा उल्लेखच नाही. अंधार, भटकी कुत्री, उघडं गटार, सगळं त्यात येतं, आणि रात्री कधीच बाहेर न पडणाराही कल्पनेने उत्तर देतो. स्टीफन फॅरल आणि डेव्हिड गॅड या गुन्हेशास्त्रज्ञांनी ब्रिटनमध्ये प्रश्न बदलला: गेल्या वर्षभरात गुन्ह्याची भीती प्रत्यक्षात कधी वाटली का, किती वेळा, आणि शेवटच्या वेळी किती तीव्र होती? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत वर्षात एकदा तरी भीती वाटलेले लोक साधारण एक तृतीयांश निघाले, आणि वारंवार तीव्र भीती वाटणारे थोडेच. असा प्रश्न विचारायचा, आणि सोबत 'तुम्ही आठवड्यात किती तास रस्त्यावर असता' हेही विचारायचं. सुरक्षित शहरांच्या यादीत हे दोन रकाने आले, तर ती यादी मी काळजीपूर्वक वाचेन.