लाइन अप, काम डाउन

वागळे इस्टेटमधलं ऑफिस आणि महापे एमआयडीसीतला कारखाना टू एमबी लीज्ड लाइनने, म्हणजे भाड्याने घेतलेल्या खास लाइनने, जोडलाय असं धरू. दोन्ही राउटरवर हिरवा दिवा, ईमेल जाते-येते, पण मोठी फाइल टाकली की रखडते. सेवा देणारे म्हणतात, ‘लाइन क्लीन आहे,’ आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. हिरव्या दिव्याचा अर्थ इतकाच, की सिग्नल पोहोचतोय आणि फ्रेमची, म्हणजे बिटांच्या ठरावीक गठ्ठ्याची, सुरुवात सापडतेय. पुढचं सगळं दोन टोकांच्या सेटिंग्जवर चालतं आणि त्यांत सगळ्यात जास्त छळतो तो क्लॉक, म्हणजे बिटांचा ताल धरणारं घड्याळ.

टू एमबी म्हणजे ई-वन. सेकंदाला २०,४८,००० बिट, अखंड. दर १२५ मायक्रोसेकंदांना एक फ्रेम, तिच्यात ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकात ८ बिट. म्हणजे एक स्लॉट ६४ केबीपीएसचा. शून्य नंबरचा स्लॉट फ्रेम ओळखण्यात जातो, म्हणून डेटाला १ ते ३१ मिळून १,९८४ केबीपीएस उरतात. ५१२ केबीपीएसची लाइन घेतली असेल तर आठ स्लॉट, आणि दोन्हीकडे तेच आठ.

आता क्लॉक. बिट कधी वाचायचा हे प्रत्येक राउटरला कुठल्या तरी घड्याळावरून ठरवावं लागतं. ई-वनच्या घड्याळाला दहा लाखांत ५० इतकी चूक माफ आहे. दोन्ही राउटर ‘इंटर्नल’वर, म्हणजे स्वतःच्या घड्याळावर, ठेवले आणि एक तेवढं पुढे, दुसरं तेवढं मागे धावलं, तर सेकंदाला सुमारे २०५ बिटांचा फरक साठतो. फ्रेम २५६ बिटांची, म्हणजे दर सव्वा सेकंदाला एक अख्खी फ्रेम गळते किंवा दुसऱ्यांदा वाचली जाते. याला स्लिप म्हणतात. फरक दहा लाखांत फक्त एक असला, तरी साधारण दोन मिनिटांनी एक स्लिप ठरलेली. पीआरआयवर (याच ई-वनवरून येणाऱ्या टेलिफोन लाइनवर) तेव्हा कानात ‘टक्’ वाजतं, फॅक्स अर्धवट राहतो.

मधलं नेटवर्क घड्याळ देत असेल, तर दोन्ही राउटर ‘लाइन’वर ठेवायचे, म्हणजे येणाऱ्या सिग्नलवरून ताल घ्यायचा. एकाच आवारातल्या दोन इमारती स्वतःच्या तांब्याच्या तारेने थेट जोडल्या असतील, तर एक ‘इंटर्नल’, दुसरा ‘लाइन’. तिथे दोन्ही ‘लाइन’वर ठेवले तर दोघं एकमेकांचं बघून भरकटतात.

लाइन कोड, म्हणजे बिट तारेवर पल्सच्या रूपात मांडायची पद्धत, भारतात एचडीबी-थ्री. तारेवर ० म्हणजे शांतता, १ म्हणजे आळीपाळीने धन आणि ऋण पल्स. शून्यांची लांब रांग लागली की पलीकडच्याला ताल सापडत नाही, म्हणून चार सलग शून्यांच्या जागी एचडीबी-थ्री आळीपाळीचा नियम मुद्दाम मोडणारी पल्स घालतो. एक टोक चुकून एएमआयवर, म्हणजे नुसत्या आळीपाळीच्या साध्या कोडवर, राहिलं, तर ते ही पल्स खरी समजतं. काही वेळा दोन राउटरांमधला प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत) उठतच नाही. उठलाच, तर १५०० बाइटचा पिंग (पलीकडून उत्तर मागणारा चाचणी-संदेश) आधी ०००० पॅटर्नने, म्हणजे सगळे शून्य, मग एफएफएफएफने, म्हणजे सगळे एक, द्या. पहिला पडला आणि दुसरा गेला, तर संशय लाइन कोडवर.

सीआरसी-फोर, म्हणजे फ्रेममधल्या चुका पकडणारी तपासणी, एका बाजूला चालू आणि दुसरीकडे बंद असेल, तर चालू असलेली बाजू अलार्म दाखवते. काही उपकरणं स्वतःच जुळवून घेतात, पण त्या भरवशावर राहू नये. राउटर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर एन्कॅप्सुलेशन, म्हणजे डेटा गुंडाळायची पद्धत, दोन्हीकडे पीपीपी ठेवा. एचडीएलसी ही दुसरी पद्धत प्रत्येक कंपनीची आपापली असते.

केबलचा घोळ वेगळाच. आरजे-४५ वर राउटरच्या बाजूने ई-वनचं रिसीव्ह १-२ वर आणि ट्रान्समिट ४-५ वर. क्रॉस केबल लागली तर १-४ आणि २-५ अशी हवी. इथरनेटची क्रॉस केबल १-३, २-६ अशी असते, ती इथे मेलेली. बीएनसी कनेक्टरची कोअॅक्स केबल ७५ ओहमची, पिळाच्या जोडीची तार १२० ओहमची. दोन्ही जोडायच्या तर मध्ये बलून, म्हणजे त्यांचा मेळ घालणारा अडॅप्टर, हवाच. ऐरोली-रबाळेसारख्या खाडीकाठच्या भागात खाऱ्या, दमट हवेने बीएनसी हिरवे पडतात, त्यामुळे पावसाळ्याआधी एकदा उघडून बघावेत.

दोष कुठे आहे ते राउटरमधले चुका मोजणारे काउंटर सांगतात. सिस्को राउटरवर ‘शो कंट्रोलर्स ई-वन’ ही कमांड दिली की पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे दिसतात, मागच्या २४ तासांचे. स्लिप ठरावीक अंतराने वाढत असतील तर क्लॉक. लाइन कोडच्या चुका अधूनमधून, सर आली की वाढत असतील तर तार किंवा कनेक्टर. राउटरचं पोर्ट तपासायला १-४ आणि २-५ जोडलेला लूप प्लग लावतात. तेव्हा घड्याळ द्यायला दुसरं कोणी नसतं, म्हणून क्लॉक ‘इंटर्नल’ करावा लागतो. प्लग काढल्यावर तो पुन्हा ‘लाइन’वर आणायचा राहून जातो, आणि दुरुस्तीनंतर नव्याने सुरू झालेल्या बऱ्याच तक्रारी इथूनच येतात.