मास इफेक्टच्या शेवटावरून लोक अजून का भांडतात, थोडी पार्श्वभूमी

आधीच सांगतो, मास इफेक्ट ही अंतराळातल्या व्हिडिओ गेमची मालिका आहे आणि पुढे तिन्ही गेमचे स्पॉयलर आहेत, म्हणजे गोष्ट उघड केली आहे. ज्यांनी खेळला नाहीये त्यांनी आधी खेळून या, घाई नाहीये कुणाला.

नवीन लोक लेजंडरी एडिशन (तिन्ही भागांचा एकत्र, सुधारलेला संच) घेतात, तिन्ही भाग सलग संपवतात आणि मग विचारतात की शेवट तर ठीकठाक होता, एवढा राडा कशाला झाला होता? प्रश्न बरोबर आहे, कारण त्यांनी जो शेवट बघितला तो २०१२ च्या मार्चमध्ये लोकांनी बघितलेला शेवट नाहीच. आणि दुसरं म्हणजे त्यांनी पाच वर्षं वाट बघितली नाही. राडा नुसता शेवटच्या दहा मिनिटांवरून झाला असं सगळे म्हणतात पण माझ्या मते त्याची सुरुवात पहिल्या गेमपासूनच झाली होती, आणि ती चिडून नाही, लाडाने झाली होती.

पहिला मास इफेक्ट आला नोव्हेंबर २००७ मध्ये, फक्त एक्सबॉक्स ३६० वर. बनवणारी कंपनी बायोवेअर, कॅनडातल्या एडमंटनची, १९९५ मध्ये डॉक्टर लोकांनी सुरू केलेली (खरेखुरे एमडी डॉक्टर, नंतर गेमकडे वळलेले). २००३ मध्ये त्यांनी स्टार वॉर्सवरचा एक आरपीजी (एखादं पात्र होऊन निर्णय घेत खेळायचा गेम) केला होता, तो तुफान चालला, पण ते विश्व दुसऱ्याचं. मग केसी हडसन डिरेक्टर आणि ड्रू कार्पिशिन मुख्य लेखक अशा टीमने स्वतःचं विश्व उभं केलं (तुम्ही कमांडर शेपर्ड, शत्रू म्हणजे रीपर, सगळ्या जमाती संपवत सुटणारी महाकाय यंत्रं), आणि पहिल्या दिवसापासून सांगितलं की ही तीन भागांची गोष्ट आहे आणि तुमची सेव्ह फाईल एका भागातून पुढच्या भागात जाणार. म्हणजे तुम्ही कुणाला मारलं, कुणाला सोडलं, कुणाच्या प्रेमात पडलात, ते सगळं लक्षात ठेवलं जाणार. ही ओळ नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण हिच्यावरच उभं आहे.

तेव्हाच्या तक्रारी मात्र अगदी साध्या होत्या. माको नावाची सहा चाकी गाडी, डोंगरावर चढवली की चेंडूसारखी उसळायची. सामानाची यादी १५० वस्तूंची, ती भरली की एकेक बंदूक वितळवून ओम्नी-जेल करत बसा. आणि लिफ्ट! सिटाडेल नावाच्या प्रचंड अवकाश स्थानकावर लिफ्टमध्ये शिरलं की पुढचा भाग लोड होईपर्यंत नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात सोबतचे दोघं एकमेकांशी बोलायचे, टाली गॅरसला टोमणा मारायची, वर बातम्या लागायच्या, पण लोकांना ते दिसलं नाही, वेळ जातोय एवढंच दिसलं. पीसीवर मे २००८ मध्ये आला तेव्हा आणखी एक वाद, आधी म्हणे दर दहा दिवसांनी गेम ऑनलाईन तपासणी करणार, लोकांनी एवढी बोंब मारली की कंपनीने ते काढून टाकलं. खेळणाऱ्यांनी आरडाओरडा करायचा आणि कंपनीने बदल करायचा, हा सिलसिला इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

मग २०१० च्या जानेवारीत दुसरा भाग. माको नको? गेली माको. सामान नको? अख्खी इन्व्हेंटरीच उडवली. लिफ्टच्या जागी लोडिंग स्क्रीन आली. आता मला विचाराल तर हे रोगापेक्षा औषध जालीम होतं, कारण माकोच्या जागी ग्रह स्कॅन करायचं काम आलं, कर्सर गोळ्यावर फिरवत बसा, खरखर वाढली की प्रोब सोडा, इरिडियम मिळवा, पुढचा ग्रह. पण ते सोडलं तर दुसरा भाग समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी दोघांनीही डोक्यावर घेतला, मेटाक्रिटिकवर (समीक्षांची सरासरी काढणारी साइट) १०० पैकी ९६. जुने आरपीजीवाले कुरकुरले की हा आता गोळीबाराचा गेम झाला, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं.

पण या भागात एक गोष्ट झाली जी मला जास्त महत्त्वाची वाटते. गॅरस आणि टाली ही पहिल्या भागात फक्त साथीदार होती, त्यांच्याशी रोमान्स नव्हता. लोकांनी मागे लागून लागून तो मागितला आणि दुसऱ्या भागात तो आला. विचार करा, टालीचा चेहरा मुखवट्याआड, गॅरस तर अर्धा पक्षी अर्धा खेकडा दिसतो, तरी लोकांनी हट्ट केला आणि लेखकांनी ऐकलं. पुढे २०११ मध्ये स्त्री शेपर्डचा अधिकृत चेहरा कोणता असावा यावर फेसबुकवर चक्क मतदान घेतलं, आधी सोनेरी केसांची निवडून आली, त्यावर वाद झाला, मग केसांच्या रंगासाठी परत मतदान, आणि लाल केसवाली जिंकली. कंपनी विचारतेय, लोक सांगतायत, आणि ते गेममध्ये येतंय! अशा लोकांना नंतर "ही आमची कलाकृती आहे, तुम्ही फक्त बघा" म्हटलं तर ते ऐकतील का?

कॉनरॅड व्हर्नरचं उदाहरण तर मला फार आवडतं. हा पहिल्या भागातला शेपर्डचा वेडा फॅन. तुम्ही त्याच्याशी प्रेमाने वागू शकता किंवा तोंडासमोर पिस्तूल धरू शकता. दुसऱ्या भागात सेव्ह आणताना बग झाला, त्यामुळे तुम्ही कितीही गोड वागलेले असाल तरी तो म्हणायचा की तू माझ्या तोंडावर पिस्तूल रोखलं होतंस. लोक वैतागले, आम्ही असं केलंच नव्हतं! मग तिसऱ्या भागात तोच कॉनरॅड येऊन सांगतो की तेव्हा माझ्या डोक्यावर जरा ताण होता, मी चुकीचं बोललो. एका बारक्या कॅरेक्टरच्या बगची माफी गोष्टीच्या आतच मागितली. इतकं बारीक लक्ष ठेवणारे लोक आहेत म्हटल्यावर शेवट तर काय भारी करतील, असं वाटणारच ना.

तिसरा भाग आला ६ मार्च २०१२ ला आणि पहिल्या दिवसापासूनच कुरबुर सुरू. एक म्हणजे जाविक. प्रोथियन जमात, जिच्याभोवती अख्खी गोष्ट फिरते, तिचा शेवटचा जिवंत माणूस, आणि तो वेगळे पैसे भरून घ्यायच्या डीएलसीत (गेमच्या जोड-भागात), तोही रिलीजच्याच दिवशी. दुसरं, पहिल्या भागात मेहनतीने बनवलेला चेहरा तिसऱ्यात इंपोर्टच होईना, ते एप्रिलच्या पॅचमध्ये नीट झालं. पाच वर्षं ज्या तोंडाने खेळलो तेच तोंड गायब, याचा राग कसा असतो ते आरपीजी खेळणाऱ्यालाच कळेल. तिसरं, युद्धाची तयारी मोजायचा आकडा. तुम्ही गोळा केलेल्या फौजेला एका टक्केवारीने गुणायचं, आणि ती टक्केवारी मल्टिप्लेअर (ऑनलाईन इतरांसोबत) न खेळल्यास ५० वरच अडकलेली, म्हणजे तुमची निम्मी फौज कागदावरच राहणार. सगळ्यात चांगल्या शेवटात शेपर्ड श्वास घेताना दिसतो तेवढ्यासाठी फौजेचे कमीत कमी ४००० गुण लागायचे, आणि एकट्याने खेळून ते जमेना. नंतर हा आकडा ३१०० वर आणला, म्हणजे तक्रारीत तथ्य होतंच.

आणि मग शेवट. सिटाडेलच्या वर एक चमकणारा पोरगा भेटतो, सुरुवातीला पृथ्वीवर मेलेल्या मुलाच्या रूपातला, आणि तो सांगतो की तीन रस्ते आहेत. लाल म्हणजे सगळी यंत्रं नष्ट, निळा म्हणजे रीपर तुझ्या ताब्यात, हिरवा म्हणजे माणूस आणि यंत्र एकजीव. निवडलं की स्फोट. त्या स्फोटाचा रंग सोडला तर तिन्ही व्हिडिओ जवळपास सारखेच. मास रिले (ताऱ्याताऱ्यांत प्रवास करवणारी महाकाय यंत्रं) फुटतात, नॉर्मंडी (शेपर्डचं जहाज) पळत सुटते आणि कुठल्यातरी जंगलात आदळते, दार उघडतं आणि जे साथीदार दहा मिनिटांपूर्वी लंडनमध्ये आपल्यासोबत धावत होते ते आरामात बाहेर येतात. ते तिथे पोचले कसे, काही सांगितलेलं नाही.

आता यात वर्मी लागलेली गोष्ट बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. २०११ मध्ये दुसऱ्या भागाची अरायव्हल नावाची डीएलसी आली होती, त्यात एक रिले फुटला की अख्खी ग्रहमाला जळते हे गेमनेच दाखवलं होतं, बटारियन जमातीचे तीन लाखांच्या आसपास लोक मेले होते त्यात. मग तिसऱ्या भागात सगळेच रिले फुटले म्हणजे काय झालं? गेमच्याच नियमाने बघितलं तर तुम्ही रीपरपेक्षा जास्त लोक मारले. टुचांका, रॅनॉक, पृथ्वी, सगळं खलास. लेखकांच्या मनात तसं नव्हतं, पण पडद्यावर कुणी तसं सांगितलं नाही. आणि वर श्रेयनामावलीनंतर एक पाटी, की शेपर्ड आता दंतकथा झाला, पुढच्या डीएलसीमधून ही दंतकथा वाढवा. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

शिवाय रिलीजच्या आधी हडसनने मुलाखतीत म्हटलं होतं की हा शेवट ए, बी, सी असा मोजता येणारा नसेल. आणि लोकांना मिळालं काय तर अक्षरशः ए, बी, सी, रंगासकट. पहिल्या भागात राकनी या किड्यांसारख्या जमातीच्या राणीला मारलं असेल तरी तिसऱ्यात दुसरी राणी हजर, अँडरसनला कौन्सिलर (माणसांचा प्रतिनिधी) केलं असेल तरी खुर्चीत दुसरा उमेदवार उडिनाच, दुसऱ्या भागाच्या शेवटी कलेक्टर नावाच्या शत्रूंचा तळ ठेवला की उडवला याचा फरक फौजेच्या थोड्या गुणांपुरता. खरं सांगायचं तर कुठलाच स्टुडिओ इतक्या फांद्या शेवटपर्यंत नेऊ शकत नाही, खर्चच परवडणार नाही, पण ते वचन त्यांनीच दिलेलं होतं, कुणी बळजबरी केली नव्हती.

पुढचं नाटक बऱ्याच जणांना माहितीये. रीटेक मास इफेक्ट नावाने मोहीम निघाली, आणि तिने चिडून शिव्या देण्याऐवजी (शिव्याही दिल्याच, खोटं कशाला बोला) चाइल्ड्स प्ले नावाच्या संस्थेसाठी पैसे जमवले, जी हॉस्पिटलमधल्या मुलांना गेम आणि खेळणी देते. ८०,००० डॉलरच्या वर जमले आणि मग संस्थेनेच थांबवा म्हटलं, कारण काही देणाऱ्यांना वाटत होतं की हे पैसे नवा शेवट बनवायला जातायत. एकाने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसव्या जाहिरातीची तक्रार केली, हे मात्र मला अति वाटलं. आणि सगळ्यात भारी निषेध म्हणजे कपकेक! ४०२ कपकेक एडमंटनच्या ऑफिसात पाठवले, वर लाल, निळं, हिरवं आयसिंग, आणि आतून सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. दहा पानी लेखाला जे जमणार नाही ते त्या एका खोक्याने सांगितलं. बायोवेअरने ते गरजू मुलांच्या एका केंद्राला देऊन टाकले.

याच काळात ती इंडॉक्ट्रिनेशन थिअरी आली, की शेवटचं सगळं शेपर्डच्या डोक्यात चाललंय, रीपर त्याला भुलवतायत, खरा शेवट पुढे येणार आहे. पुरावे असे काढले की वकील लाजावा, स्वप्नातली झाडं, संपत नसलेली पिस्तुलाची गोळी, त्या पोराचा आवाज. माझं मत विचाराल तर ती लिहिलेल्या शेवटापेक्षा सरस होती, आणि खरी नव्हती.

२१ मार्चला बायोवेअरच्या रे मुझिका यांनी जाहीर पत्र लिहून काहीतरी करतो म्हटलं आणि २६ जूनला एक्स्टेंडेड कट फुकटात आला. शेवट बदलला नाही, समजावून सांगितला. साथीदार जहाजावर कसे गेले ते दाखवलं, रिले तुटले पण दुरुस्त होतात हे दाखवलं, कोण जगलं कोण काय करतंय याची चित्रं दिली. आणि एक चौथा पर्याय, तिन्ही नाकारायचा. त्या पोराला गोळी घातली तरी तोच लागू, तो भसाड्या आवाजात "तर मग तसंच होऊ दे" छाप काहीतरी म्हणतो आणि सगळे मरतात. बरेच जण म्हणाले हा लेखकांनी आम्हाला मारलेला टोमणा आहे. असेलही, मला तर तो चौघांत सगळ्यात प्रामाणिक शेवट वाटतो.

मार्च २०१३ मध्ये सिटाडेल डीएलसी आली, तिची गोष्ट म्हणजे शुद्ध मस्करी, क्लोन काय, पार्टी काय. शेपर्ड प्रत्येक संभाषण "चला, निघायला हवं" म्हणून तोडतो यावर लोक वर्षानुवर्षं हसत होते, तर इथे शेपर्ड स्वतःच साथीदारांना विचारतो की मी खरंच असा बोलतो का? लोकांचा विनोद लोकांनाच परत दिला. या डीएलसीनंतर कितीतरी जणांचा राग निवळला, आणि शेवटचं मिशन खेळायच्या आधी ही पार्टी ठेवायची की नंतर, यावर नवीन भांडण सुरू झालं, ते अजून मिटलं नाहीये.

२०१७ चा पुढचा गेम अँड्रोमेडा मी पटकन उरकतो. चेहऱ्यांच्या अ‍ॅनिमेशनची क्लिप सगळीकडे फिरली, एका बाईचं "माझा चेहरा थकलाय" हे वाक्य तर मीम झालं, ऑगस्टमध्ये एकट्याने खेळायच्या गेमचे अपडेट बंद केल्याचं जाहीर झालं, क्वेरियन लोकांच्या (टालीची जमात) जहाजाचं कोडं गेममध्ये तसंच लोंबकळत राहिलं. मारामारी मात्र मालिकेतली सगळ्यात चांगली होती, हे तेव्हा कुणी ऐकायच्या मूडमध्ये नव्हतं.

मे २०२१ मध्ये लेजंडरी एडिशन आली, एक्स्टेंडेड कट आतच बसवलेला, मल्टिप्लेअर काढून टाकलेलं. टालीचा फोटोही बदलला. मूळ तिसऱ्या भागात तिचा खरा चेहरा म्हणून पलंगाशेजारी एक फोटो मिळायचा आणि तो बाजारात विकत मिळणाऱ्या स्टॉक फोटोवर थोडी कलाकुसर करून बनवलेला निघाला होता, लोकांनी मूळ फोटो शोधून काढला होता. नऊ वर्षांनी तिथे नवा चेहरा आला. लिफ्टमध्ये आता लोडिंग झालं की पुढे जायचं बटण येतं. आणि गंमत बघा, तीच जनता जी २००७ मध्ये लिफ्टला शिव्या देत होती ती आता बटण न दाबता उभी राहते, टाली आणि गॅरसचं बोलणं पूर्ण ऐकायला. मी पण.

आणि पुढच्या गेमची पहिली झलक डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा त्यात लियारा (शेपर्डची जुनी साथीदार) बर्फातून एन७ (शेपर्डच्या चिलखतावरची खूण) चिलखताचा तुकडा उचलते आणि मागे मेलेला रीपर पडलेला दिसतो. रीपर मेलाय म्हणजे लालच खरा, असं लालवाले लगेच म्हणाले. हिरवेवाले फ्रेम थांबवून लियाराच्या कातडीवर हिरव्या रेषा दिसतायत का ते शोधायला बसले.